ठिपक्यांचें युद्ध आणि त्याचे खेळाडू

मराठी घराच्या दारावरचें मण्यांचें तोरण पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. पांढऱ्या मण्यांच्या जाळींत हिरव्या मण्यांचा पोपट आणि लाल मण्यांची त्याची चोंच. जवळून पाहिलें तर तेथें पोपट कोठेंच नसतो. ओळीनें ओंवलेले मणी तेवढे असतात. चार पावलें मागें सरावें, म्हणजे पोपट दिसूं लागतो. दूरदर्शनच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या जुन्या व्हिडिओ खेळांतील शिपाई, तोफा आणि बंदुकीच्या गोळ्या याच रीतीनें घडविलेल्या होत्या. मण्याच्या जागीं तेथें प्रकाशाचा एक चौकोनी ठिपका असे. त्यालाच पिक्सेल म्हणतात. छायाचित्रासारखें हुबेहूब चित्र काढणें ज्यांना आज अवघड नाहीं, अशा रचनाकारांनीं गेल्या वीस वर्षांत हे ओबडधोबड ठिपके पुन्हां मुद्दाम हातीं धरले आणि त्यांतून नेमबाजीचे कितीतरी नवे खेळ रचले. त्यांतील कांहींना खेळाडूंनीं डोक्यावर घेतलें, कांहींना दोन दिवसांत बाजूला सारलें. या आवडी-नावडीचें मर्म ठिपक्यांत आहे, बालपणाच्या आठवणींत आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ती समजूत अपुरी आहे, आणि ती कशी अपुरी आहे हें पाहावयाचें तर मराठवाड्यांतील लहान गांवांकडे पाहणें सोयीचें जातें; कारण तेथील खेळाडूंचें मत कोणी छापलें नाहीं, तथापि तें मत फार निश्चित होतें.

प्रथम ठिपके आले कोठून, तें पाहूं. ते आवडीनें आलेले नव्हते, गरजेनें आले होते. जपानांत १९७८ सालीं तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' नांवाचा खेळ रचला. आकाशांतून रांगारांगांनीं उतरणाऱ्या शत्रूंवर खालून गोळ्या झाडावयाच्या, एवढेंच त्याचें कथानक. शत्रू जसजसे कमी होत, तसतसे उरलेले अधिक वेगानें धांवत. हा वेग कोणी योजून दिलेला नव्हता. यंत्राची शक्ति इतकी तुटपुंजी होती कीं पडद्यावर आकृत्यांची गर्दी असतां तें मंदावे, आणि गर्दी ओसरली कीं त्याला धांवतां येई. निशिकादो यांनीं ही उणीव तशीच ठेवली, आणि पुढें तिलाच खेळाची रंगत म्हणून मान मिळाला. यंत्राच्या दुबळेपणाचा असा नियम होऊन बसणें ही या सर्व इतिहासांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पुढें १५ जुलै १९८३ रोजीं क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीनें 'फॅमिकॉम' हें घरगुती यंत्र जपानच्या बाजारांत आणलें. दूरदर्शन-संचाला जोडावयाची ती एक पेटी होती. तिची कामापुरती स्मृति अवघी दोन किलोबाइट, म्हणजे मासिकाच्या एका पानावरील मजकूर मावेल न मावेल एवढी. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके. हलणारी प्रत्येक आकृति लहान तुकडे जोडून करावयाची. असा तुकडा सामान्यतः आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच, त्यांत रंग तीनच. सबंध पडद्यावर असे तुकडे ६४, आणि एका आडव्या रेषेंत फार तर आठ. नववा तुकडा त्या रेषेंत आला कीं तो दिसेनासा होई. म्हणून खेळ रचणारे लोक तुकड्यांना आळीपाळीनें पडद्यावर आणीत, आणि त्यामुळें ऐन लढाईच्या गर्दींत शिपाई व गोळ्या लुकलुकत. ज्या पिढीनें हे खेळ खेळले तिला ही लुकलुक आजही ओळखीची वाटते. वस्तुतः ती यंत्राची धाप होती.

या पेटीवर जे नेमबाजीचे खेळ आले त्यांत 'कॉन्ट्रा'चें स्थान वेगळें आहे. कोनामी या जपानी कंपनीनें १९८७ सालीं तो प्रथम नाण्यावर चालणाऱ्या उभ्या यंत्रासाठीं काढला आणि फेब्रुवारी १९८८ मध्यें घरगुती पेटीसाठीं आणला. बिल आणि लान्स हे दोन शिपाई डावीकडून उजवीकडे धांवत जंगल, तळ, धबधबा, बर्फ असे आठ टप्पे ओलांडतात. शत्रूची एक गोळी लागली कीं प्राण गेला. आणि प्राण तीनच. वाटेंत उडत्या डब्या फोडल्या म्हणजे नवीं शस्त्रें मिळत, त्यांत 'एस' अक्षराचें शस्त्र सर्वांत लाडकें, कारण त्यांतून एकदम पांच गोळ्या पंख्यासारख्या पसरत. धांवत येणाऱ्या साध्या शिपायांचा नेम नसे. परंतु तोफा कोठें आहेत, भिंतींतला कोणता झरोका केव्हां उघडतो, टप्प्याच्या शेवटचा राक्षस कोणत्या क्रमानें वार करतो, हें सर्व ठरलेलें असे. सोमवारीं जेथें मरण आलें तेथेंच तें मंगळवारीं येणार, ही खात्री होती. म्हणून मंगळवारीं तें चुकवितां येई.

या खेळाच्या नांवाशीं जोडलेली एक युक्ति जगप्रसिद्ध आहे. काझुहिसा हाशिमोतो या कोनामींतील रचनाकारास १९८६ सालीं 'ग्रॅडियस' नांवाच्या दुसऱ्या एका खेळाची घरगुती आवृत्ति तपासावयाची होती. तो खेळ त्याला स्वतःलाच इतका कठीण जाई कीं तपासणी पुरी होईना. म्हणून त्यानें बटणांचा एक गुप्त क्रम योजला: वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, मग 'बी', मग 'ए'. छापील आवृत्तींतून तो काढावयाचा राहून गेला. हाच क्रम 'कॉन्ट्रा'च्या आरंभीं दाबला म्हणजे तीनाऐवजीं तीस प्राण मिळत. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्यें निवर्तला, तेव्हां त्याच्या निधनाची बातमी देतांना जगांतील वृत्तपत्रांनीं तो क्रम जसाच्या तसा छापला होता.

आतां हा खेळ मराठी मुलुखांत पोंचला कसा? त्या काळीं परदेशी विजेच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळें निन्टेन्डोची पेटी भारतांत 'समुराई' या नांवानें, सुटे भाग आणून येथेंच जुळविलेली अशी विकली गेली. १९९१ च्या जुलैपासून आर्थिक धोरण बदललें, आणि पुढील वर्षांत 'मीडिया'सारख्या नांवांच्या, फॅमिकॉमच्या हुबेहूब नकला असलेल्या स्वस्त पेट्या गांवोगांवच्या दुकानांत दिसूं लागल्या. रशियांत अशीच एक नक्कल 'डेंडी' या नांवानें घरोघर गेली होती. तेव्हां हा कांहीं एकट्या भारताचा प्रकार नव्हे. पेटीबरोबर खेळाची जी चकती-वजा पेटुली मिळे तिला मुलें 'कॅसेट' म्हणत, आणि हातांतील बटणांच्या फळीला 'रिमोट'. कॅसेटवर 'नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार खेळ' असा मजकूर बेधडक छापलेला असे. प्रत्यक्षांत आंत मोजके खेळ, आणि तेच पुनःपुन्हां निराळ्या आंकड्याखालीं मांडलेले. बनावट मालाची ती निलाजरी जाहिरात होती. परंतु मूळ कॅसेटची किंमत ज्या घराला झेपण्यासारखी नव्हती, त्या घरीं हा खेळ दुसऱ्या कोणत्या वाटेनें आला असता?

हिंगोली त्या काळीं परभणी जिल्ह्यांतील एक तालुका होता. तिचा निराळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. गांवावरून जाणारा पूर्णा-अकोला लोहमार्ग मीटरगेजचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील विजेच्या वस्तूंचा बाजार येथून फार दूर पडे. अमेरिकेंत १९८८ पासून निन्टेन्डोच्या खेळांना वाहिलेलें मासिक निघत होतें, जपानांत त्याहीपूर्वीं. त्यांत खेळांना गुण दिले जात, नकाशे छापले जात, युक्त्या सांगितल्या जात. हिंगोली-परभणीकडच्या मुलाला असें मासिक कोठून मिळणार? त्याला पेटीबरोबरचें माहितीपत्रकही बहुधा मिळत नसे. तो तीस प्राणांचा क्रम कानोकानीं आला. मामाच्या गांवीं गेलेला मुलगा सुटीनंतर तो घेऊन परते, आणि पाढे म्हणावेत तसा तो वर्गांत म्हणून दाखवी. ज्या भाषेचीं अक्षरें पडद्यावर दिसत ती पुरती वाचतां न येणाऱ्या मुलांनींही तो बिनचूक पाठ केला होता.

येथेंच या खेळाच्या स्वागताचें खरें स्वरूप दिसतें. बंदुकीमुळें मुलें त्याच्या नादीं लागलीं असें वडीलधाऱ्या माणसांना वाटे, आणि शिक्षकवर्गाचें मतही त्याहून निराळें नव्हतें. परंतु पडद्यासमोर बसलेल्या दोन मुलांचें बोलणें ऐकलें असतें तर त्यांत शौर्याचा गंधही नव्हता. "आतां वरून येईल", "येथें खालीं वांक", "तीन मोज नि मग उडी मार" — असें तें बोलणें. तें पाठांतर होतें. शाळेंत कवितेचीं दोन कडवीं ज्याच्या गळीं उतरत नसत, तोच मुलगा आठ टप्प्यांचा सबंध क्रम बोटांवर खेळवीत असे. शिक्षकांना हें कोडें उलगडलें नाहीं, याचा दोष सर्वस्वीं मुलांकडे जात नाहीं.

पाठांतराला विजेचीही मदत झाली, हें थोडें चमत्कारिक वाटेल. मराठवाड्यांत भारनियमन हा नित्याचा अनुभव. 'कॉन्ट्रा'त खेळ अर्ध्यावर राखून ठेवण्याची सोय नव्हती. दिवे गेले कीं सहाव्या टप्प्यावरचा शिपाई नाहींसा होई, आणि दिवे आले कीं पुन्हां पहिल्या जंगलापासून आरंभ. सराईत खेळाडूला सबंध खेळ अर्ध्या तासाच्या आसपास संपवितां येतो. नवशिक्याचे महिने जात. यामुळें पहिलें जंगल साऱ्यांनाच तोंडपाठ, आणि शेवटचा टप्पा पाहिलेला मुलगा आळींत मोठ्या मानाचा. दोघांनीं मिळून खेळतांना तर परस्परांशीं जुळवून घेणें भागच असे. तिसऱ्या टप्प्यांत धबधबा चढावयाचा असतो. एक खेळाडू घाईनें वर गेला तर पडदा त्याच्याबरोबर वर सरके, आणि मागें राहिलेला दुसरा पडद्याच्या खालच्या कडेखालीं जाऊन प्राणास मुके. शत्रूनें नव्हे, सोबत्यानें मारलें! या धबधब्यावरून भावाभावांत जेवढीं भांडणें झालीं असतील तेवढीं शेवटच्या राक्षसावरून झालीं नसतील.

ज्यांच्या घरीं पेटी नव्हती त्यांच्यासाठीं पार्लर होतें. एखाद्या गाळ्यांत तीन-चार उभीं यंत्रें, नाणें किंवा टोकन टाकावें आणि प्राण संपेपर्यंत खेळावें. तेथील हिशेब मात्र उलटा. घरच्या पेटीचा मालक कॅसेट विकून मोकळा झालेला असे. पार्लरच्या यंत्राला दर दोन-चार मिनिटांनीं नवें नाणें हवें. म्हणून त्या यंत्रांवरील खेळ मुद्दाम कठीण केलेले असत. असें असूनही जो खेळ अन्यायानें मारी तो ओस पडे, आणि जो कठीण असून चुकीचा धडा शिकवी त्यापुढें रांग लागे. गर्दी कोठें आणि धूळ कोठें, हेंच त्या काळचें छापलें न गेलेलें परीक्षण.

दुसरें परीक्षण नामकरणाचें. कॅपकॉम कंपनीनें १९९३ सालीं काढलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा हाणामारीचा खेळ सबंध भारतांत 'मुस्तफा' या नांवानें ओळखला गेला. त्यांतील चार नायकांपैकीं मुस्तफा कैरो हा एक. मूळ अमेरिकन चित्रकथेंत तो मुख्य नायक नव्हे. परंतु तो चपळ होता, त्याची उडती लाथ मुलांना आवडे, आणि उरलेलीं नांवें जिभेवर बसत नसतां हें एक नांव आपलें वाटे. ज्या मराठवाड्यानें निजामाची राजवट पाहिली, तेथल्या मुलाच्या वर्गांत त्या नांवाचा सोबती असण्याचा संभव पुष्कळ होता. कंपनीनें दिलेलें शीर्षक टाकून देऊन खेळाडूंनीं खेळाचें नांवच बदललें, असें उदाहरण फार सांपडत नाहीं.

वडीलधाऱ्यांचा विरोध हा केवळ आपल्याकडचा होता असें मात्र नाहीं. अमेरिकेच्या सिनेटपुढें डिसेंबर १९९३ मध्यें व्हिडिओ खेळांतील हिंसेविषयीं सुनावणी झाली, आणि पुढल्याच वर्षीं तेथें खेळांवर वयोमर्यादा छापण्याची पद्धति सुरू झाली. युरोपांत जर्मनीच्या कडक नियमांची धास्ती इतकी होती कीं 'कॉन्ट्रा'तील माणसें काढून त्यांच्या जागीं यंत्रमानव घातले गेले आणि खेळाला 'प्रोबोटेक्टर' असें नवें नांव दिलें गेलें. माणसाच्या जागीं यंत्र आलें, पण तोफा त्याच जागीं, झरोके त्याच क्रमानें उघडणारे. युरोपांतील मुलांनीं तो तितक्याच गोडीनें खेळला. बंदूक कोणाच्या हातीं आहे याहून ती केव्हां सुटते याकडेच त्यांचेंही लक्ष होतें, असा याचा सरळ अर्थ.

पुढें यंत्रें सुधारलीं, चित्रांना खोली आली आणि ठिपके मागें पडले. पार्लरें बंद पडत गेलीं. मग २००४ च्या डिसेंबरांत दाइसुके अमाया या एकट्या जपानी गृहस्थानें पांच वर्षें खपून रचलेला 'केव्ह स्टोरी' हा खेळ विनामूल्य सर्वांपुढें ठेवला. चित्रें, संगीत, कथा, सारें त्याचें एकट्याचें. आणि सारें जुन्या ठिपक्यांच्या वळणाचें. एकट्या माणसाला झेपेल असें हें एकच वळण होतें, हेंही खरें. चार वर्षांनीं, २००८ मध्यें, कॅपकॉमनें 'मेगा मॅन ९' हा नेमबाजीचा खेळ पूर्णपणें फॅमिकॉमच्या थाटांत काढला. त्यांत एक गंमत होती: जुनी लुकलुक पुन्हां दिसावी यासाठीं एक खास सोय. ज्या यंत्रावर आठाचा कायदा नव्हता, त्या यंत्राला खोटी धाप लागण्याची विद्या शिकविली गेली! खेळाडूंनीं या खेळाची वाखाणणी केली आणि तो फार कठीण असल्याची तक्रारही केली. परंतु बहुतेकांचें म्हणणें असें कीं मरण आलें तर चूक आपली असते, खेळाची नसते. हिंगोलीकडच्या मुलानें पार्लरपुढें रांग लावतांना दुसरें काय म्हटलें होतें?

२०१५ सालीं आलेल्या दोन खेळांवर खेळाडूंचें एकमत झालें नाहीं, आणि तें तसें कां झालें नाहीं हें या विषयांत फार बोलकें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील 'ब्रोफोर्स' या खेळांत एका गोळीचें मरण जुनेंच. परंतु जमीन, भिंती, पूल, सारें फोडतां येतें. चौघांनीं मिळून खेळतांना स्फोटांच्या धुरांत आपला शिपाई कोणता हेंच कळेनासें होतें. हंशा पुष्कळ पिकतो, पाठांतराला मात्र जागा राहत नाहीं. नेदरलँड्समधील 'न्यूक्लिअर थ्रोन' त्याहून पुढें गेला. त्यांत प्रत्येक डावाला रणभूमि नवी जुळविली जाते. कालचा नकाशा आज उपयोगी नाहीं. एका पक्षाला हा नित्य नवेपणा अतिशय प्रिय झाला. दुसऱ्या पक्षाला वाटलें, ठिपके जुने आहेत पण खेळ जुना नाहीं. येथें शिकलेलें वायां जातें. हा दुसरा पक्ष अडाणी नाहीं. भाषा बदलली कीं म्हणी निरुपयोगी होतात, तशी त्याची ती हळहळ आहे.

याच्या उलट ब्राझीलमधील 'ब्लेझिंग क्रोम'चा प्रकार. २०१९ च्या जुलैंत आलेला हा खेळ 'कॉन्ट्रा' आणि १९९६ चा 'मेटल स्लग' यांच्या वळणावर गेलेला आहे, आणि त्यानें तें लपविलेंही नाहीं. दोन शिपाई, एका गोळीचें मरण, ठरलेल्या जागीं ठरलेला शत्रू. पहिल्या चार मोहिमा मात्र हव्या त्या क्रमानें खेळाव्या, एवढी मोकळीक. त्याला मिळालेली शाबासकी आणि त्याच्यावर आलेला आक्षेप हे एकच वाक्य दोन सुरांत म्हटल्यासारखे आहेत: हा अगदीं जुन्यासारखा आहे. ज्यांनीं पूर्वीं पाठांतर केलें होतें त्यांना तो नव्या कवितेसारखा वाटला. ज्यांना नव्या काळानें कांहीं भर घालावी अशी अपेक्षा होती, त्यांना तो तोकडा वाटला. दोघांचें म्हणणें न्याय्य आहे. पण केवळ ठिपके पाहून भुललेला असा तिसरा पक्ष असता, तर तो पहिल्या टप्प्यांतच दहा वेळां मरून उठून गेला असता.

मराठी घरांतील आजचीं मुलें या वादांत निराळ्या वाटेनें आलीं आहेत. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झालें, आणि नेमबाजीचा खेळ म्हणजे हातांतील कांचेवर शंभर जणांची झुंज, हेंच चित्र त्यांच्या मनांत ठसलें. त्यांना ठिपक्यांची आठवण असण्याचें कारण नाहीं. तरीसुद्धां वसतिगृहांतून 'मिनी मिलिशिया' हा साध्या रेखाटनांचा खेळ तुफान चालला, कारण तो इंटरनेटवांचूनही, एकमेकांच्या हॉटस्पॉटवर, एका खोलींत बसून खेळतां येई. त्याचीं चित्रें ओबडधोबड आहेत अशी तक्रार त्या खोल्यांतून ऐकूं आली नाहीं. शेजारीं बसलेल्या मित्रानेंच आपल्याला मारलें हा धबधब्यावरचा जुना संताप तेथें नव्यानें जागा झाला, इतकेंच.

जुन्या पेटीची आठवण पुरविणारा बाजारही आतां उभा राहिला आहे. हातांत मावणारीं 'चारशें खेळां'चीं यंत्रें दुकानांत मिळतात, त्यांच्या यादींत 'कॉन्ट्रा' हटकून असतो, आणि आंकडा छापण्यांतील अतिशयोक्तीही कमी झालेली दिसते. नव्या ठिपकेदार खेळांपैकीं कित्येकांत जुन्या फुगीर कांचेच्या पडद्यावरील आडव्या रेषा आणि अंधुक कडा उमटविण्याची सोय केलेली असते. जुन्या चित्रकारांनीं ती अंधुकता गृहीत धरूनच ठिपके मांडले होते, त्यामुळें चपट्या स्वच्छ पडद्यावर तीं चित्रें उघडीं पडतात. एक जुनी वस्तु मात्र नव्या पडद्याशीं जुळत नाहीं. 'डक हंट' या १९८४ च्या खेळासाठीं पेटीबरोबर एक बंदूक मिळत असे. घोडा दाबतांच सबंध पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागीं पांढरा चौकोन चमके, आणि बंदुकीच्या नळींतील प्रकाश ओळखणारा डोळा तो टिपी. दिव्याकडे नेम धरून यंत्राला फसवूं पाहणाऱ्या मुलांची त्या काळ्या क्षणामुळेंच फजिती होत असे, कारण दिवा काळा होत नाहीं. नवा पडदा चित्र दाखविण्यापूर्वीं तें आपल्या हिशेबानें नीटनेटकें करतो, आणि त्यांत सेकंदाचा जो लहानसा अंश जातो तेवढ्यांत जुन्या पेटीची वेळ टळून गेलेली असते. माळ्यावरून काढलेली ती बंदूक अशा पडद्यासमोर कितीही जवळ धरली, तरी बदक पडत नाहीं.